फर्म्यामागचा उजेड

आमच्या वर्कशॉपमध्ये पत्रा वाकताना बघायला लोक हौसेने येतात आणि तोंड पाडून परत जातात. लेझर म्हटलं की त्यांना लाल-हिरव्या रेघा हव्या असतात, ठिणग्या हव्या असतात, निदान थोडा धूर तरी. इथे त्यातलं काही नाही. बंद केबिनमध्ये एक यांत्रिक हात काळा फासलेल्या पत्र्यावरून हळूहळू सरकतो. त्याच्या टोकातून निघणारा किरण डोळ्यांना दिसतच नाही. पत्रा जसा होता तसा पडून असतो. पाहुणा केबिनच्या छोट्या खिडकीला नाक लावून कंटाळतो, घड्याळ बघतो. तेवढ्यात मी म्हणते, "आता बघा." हात पुढे निघून गेलेला असतो, मागची रेघ निवत असते, आणि पत्र्याची कड कुणी न धरता, न ठोकता केसभर वर उचलली जाते. त्या वेळी काही जण हसतात आणि काही जण एक पाऊल मागे सरकतात. मागे सरकणारे मला जास्त शहाणे वाटतात.

यात जादू काही नाही. किरण पसरट ठेवला की तो कापत नाही, नुसता तापवतो. वरचा थर तापतो, त्याला पसरायचं असतं, पण भोवतालचा थंड पत्रा त्याला जागा देत नाही. मग तो थर जागच्या जागी दबतो. निवायला लागला की आकसतो आणि आकसताना अख्खा पत्रा आपल्याकडे ओढून घेतो. म्हणजे तापताना दिसण्यासारखं काही घडत नाही, जे घडायचं ते निवताना घडतं. माझा धाकटा भाऊ यावरून मला चिडवायचा. "ताई, अगदी तुझ्यासारखं. ओरडत असतेस तोवर काही नाही, गप्प बसलीस की पळायचं."

माझ्या नाकावर राग असतो हे खरं आहे. पण पत्रे ठोकणाऱ्याच्या घरात वाढलेल्या पोरीने कुजबुजत बोलावं अशी अपेक्षा कुणी करू नये. आमचे बाबा वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोडीने त्याला आकार द्यायचे. दिवसभर ठकठक. घरात कुणाला काही सांगायचं असलं तर ओरडूनच सांगावं लागायचं. बाबांकडून आम्ही दोघं जे शिकलो ते हातोडीचं नव्हे, डोळ्याचं. प्लायवूडचा एक तुकडा हव्या त्या वळणात कापायचा, त्याला फर्मा म्हणायचं. तो फर्मा पत्र्यावर उभा टेकवायचा आणि मागे दिवा धरायचा. फर्मा आणि पत्रा यांच्यामधून जिथे उजेड दिसेल तिथे काम बाकी आहे. उजेड कुठेच दिसला नाही की पत्रा बसला. मोजपट्टी खोटं बोलेल, माणूस तर बोलेलच, पण उजेड बोलणार नाही, असं त्यांचं मत होतं.

बाबा गेले, त्यांच्या गुडघ्यांनी तर आधीच संप पुकारलेला होता. त्यानंतर धाकट्याने हातोड्या भिंतीला टांगल्या आणि हे मशीन आणलं. मशीन त्याचं, फर्मे माझे. पत्र्याला काळा फवारा मारायचं कामही माझ्याकडेच, कारण चकचकीत ॲल्युमिनियम किरण पिऊन घेत नाही, परत फेकतं. काळं फासलं की मुकाट्याने पितं. फवारा मारताना आणि पॉलिश करताना अंगात करडा डगला, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. आमच्याकडे पॉलिश करायला एक काका येतात, तेही उंचीने माझ्याएवढेच. एकदा माझ्या भावजयीने मागून येऊन "काका, जेवून घ्या" म्हणत माझ्या पाठीवर थाप मारली होती. आम्ही तिला ते वर्षभर ऐकवलं.

तर एका मोठ्या सभागृहाच्या छताचं काम आमच्याकडे आलं. ॲल्युमिनियमचे पत्रे, प्रत्येकाचं वळण वेगळं, आणि एकाशेजारी एक लावले की मधे फट दिसता कामा नये. असलं काम साच्यात दाबून होत नाही. प्रत्येक तुकड्याला वेगळा साचा कोण बनवणार? हे काम आमचंच होतं. धाकट्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आता दाराबद्दल सांगायला हवं. केबिनच्या दाराला एक स्विच असतो. अर्धा भाग चौकटीवर, अर्धा, म्हणजे एक चुंबक, दारावर. दार उघडलं की दोन्ही लांब जातात आणि किरण तिथल्या तिथे बंद. ही सोय चांगल्यासाठीच आहे. पण एकदा बंद पडलं की मशीन रुसतं. हात पुन्हा मुळाशी न्या, कार्यक्रम पुन्हा पहिल्यापासून लावा, तोवर पत्रा गार. धाकट्याला पत्रा निवत असतानाच बघायचा असायचा. फर्म्यामागची उजेडाची रेघ बारीक होत होत मिटते, ती मिटताना बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. म्हणून त्याने चौकटीवरच्या स्विचला एक सुटं चुंबक चिकटवून टाकलं. स्विचला वाटायचं दार बंदच आहे. पत्र्याची एक बाजू निवत असताना किरण दुसऱ्या बाजूवर चालायचा, आणि हा उघड्या दारातून वाकून निवती बाजू तपासायचा. संरक्षक चष्मा खिळ्यावर. त्या हिरव्या जाड काचेतून बारीक उजेड दिसत नाही म्हणे.

मी बोलले नाही असं नाही. मी सगळ्या गोष्टींवर बोलते, हाच घोटाळा आहे. पंख्यावरच्या धुळीवरून आणि त्या चुंबकावरून मी एकाच आवाजात बोलत होते. त्याने दोन्हीकडे सारखाच कानाडोळा केला.

त्या दिवसांत भावजय एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "ताई, हे हल्ली माझ्याशी बोलत नाहीत, माझ्या कानाशी बोलतात."

"म्हणजे?"

"म्हणजे नजर इथं." तिने आपल्या कानाच्या पाळीला हात लावला. "आणि काल चहा ओतला तो निम्मा बशीत. मी म्हटलं, लक्ष कुठंय? तर म्हणे कपच वाकडा आहे."

आम्ही दोघी हसलो. आमच्या घरात वाकड्या वस्तूंची काय कमी.

मग सभागृहावरून पत्रे परत यायला लागले. कंत्राटदार स्वतः टेम्पोत बसून आला. तो आरडाओरडा करणारा माणूस नाही, आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते. "ताई, मधोमध बसत नाहीत," एवढंच म्हणाला. "दोन्ही टोकं चोख. मधे फट."

धाकटा उसळला. "मी स्वतः तपासलेत. एकूण एक. तुमच्या फिटरचं डोकं तपासा."

कंत्राटदार गेल्यावर मी माझा फर्मा त्या पत्र्यावर टेकवला, मागे दिवा धरला. टोकांना अंधार. मधोमध उजेडाची अशी लांबलचक रेघ की आंधळ्यालाही दिसावी. पातळ पत्ती सरकवून बघितली तर ती खुशाल आत गेली. माझं डोकंच फिरलं. मला वाटलं हा कामचुकारपणा करतोय, न बघताच "बसलं" म्हणतोय. बाबांच्या नावाने चालणाऱ्या दुकानात!

"इकडे ये," मी म्हटलं. "बघ आणि सांग."

तो आला. वाकला. डावा डोळा मिटला. बाबाही असेच डावा मिटायचे, उजव्याने बघायचे. क्षणभर त्याने निरखलं आणि सरळ झाला. "बसलाय की. कशाला बोंब मारतेस?"

तो थट्टा करत नव्हता. त्याचा चेहरा मी त्याच्या जन्मापासून ओळखते. त्याला खरंच वाटत होतं की पत्रा बसलाय. 

"आता दुसऱ्या डोळ्याने बघ," मी म्हटलं.

"काय वेडेपणा आहे?"

"दुसऱ्या डोळ्याने बघ म्हणते ना."

त्याने उजवा मिटला आणि वाकला. बराच वेळ तसाच राहिला. मी दिवा धरलेला हात बदलला. तो सरळ झाला. मग त्याने फर्मा उचलून उलटा करून बघितला, जणू दोष लाकडात असावा.

त्यानंतर हळूहळू बाहेर पडलं. काही आठवड्यांपूर्वी दारातून वाकलेला असताना उजव्या डोळ्यापुढे एक धुरकट ठिपका आला होता. दुखलं नाही, चुरचुरलं नाही, काही चमकलंही नाही. त्याला वाटलं, वेल्डिंगकडे बघितल्यावर येतो तसा असेल, जाईल. तो गेला नाही. मग तोच त्याची सवय करून घेऊ लागला. थोडं बाजूला बघितलं की माणसं दिसतात, म्हणाला. कानाकडे बघितलं की चेहरा सापडतो.

"हिला सांगू नकोस," भावजयीबद्दल तो म्हणाला. "आणि ओरडू नकोस."

मी ओरडले नाही. हे बघून तो खरा घाबरला असावा.

तो हात धुवायला गेला तेव्हा मी केबिनच्या उघड्या दारात उभी राहिले. आत पत्रा पडला होता, कडा वर उचललेल्या, अर्धवट वळलेला. काळा थर मधल्या रेघांवर जळून गेला होता आणि खालून पांढरं ॲल्युमिनियम उघडं पडलं होतं. मी मागे वळून दारासमोरच्या भिंतीकडे बघितलं. तिथे रंगावर बोटभर रुंदीचा एक तपकिरी ओरखडा होता. तो मी आधीही बघितला होता, गंज म्हणून ओल्या फडक्याने पुसायचाही प्रयत्न केला होता. आता नीट बघितला. तो वर डोक्याच्या उंचीशी सुरू होत होता आणि तिरका खाली गुडघ्याकडे उतरत गेला होता. सपाट पत्रा किरण सरळ वर फेकतो. पत्रा जसजसा वळतो तसतसा परतलेला किरण कलतो, दाराकडे येतो, दारातून बाहेर पडतो. कुणाला न दिसता तो रोज या भिंतीवरून उतरत होता. ओरखडा जिथे सुरू होत होता तिथे मी उभी राहिले, तर ते टोक माझ्या कपाळाच्या जरा वर होतं. धाकटा माझ्याहून वीतभर उंच आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्याला दंडाला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, फार गोड बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी अंधार करून दोन्ही डोळे बघितले, पुन्हा बघितले आणि दिवा लावून हात पुसत बसल्या.

"डोळ्याचं भिंग त्या किरणाला आणखी बारीक करतं," त्या म्हणाल्या. "मागच्या पडद्यावर टाचणीच्या डोक्याएवढं भाजलंय. पण नेमकं मधोमध. आपण वाचतो तिथं, चेहरे ओळखतो तिथं. पडद्याला वेदना नसते, म्हणून कळत नाही. आणि मेंदू ते भोक आजूबाजूच्या रंगाने बुजवून टाकतो, म्हणून दिसतही नाही."

"बरं कधी होईल?" मी विचारलं.

"नाही होणार."

 मग त्या म्हणाल्या, "डावा शाबूत आहे. एकही खूण नाही. तो डोळ्यात तेल घालून जपा." आणि स्वतःच्याच बोलण्याने जरा ओशाळल्या.

धाकटा मात्र हसला. "एक राखीव दिलाय म्हणजे. तसाही नेम धरताना एक मिटतोच की."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. आणि रडावंसंही वाटलं. रस्त्यात मी त्याच्या उजव्या बाजूने चालत होते, तिकडून कुणी सायकलवाला आला तर म्हणून. त्याच्या ते लक्षात आलं आणि तो माझ्या दुसऱ्या बाजूला गेला.

मी म्हटलं, मशीन बंद. तो म्हणाला, थोडेच पत्रे राहिलेत. आता सोडलं तर सभागृहाचं सगळं काम कंत्राटदार दुसरीकडे नेईल, आणि पुन्हा या दारात कोण पाऊल टाकेल? हे खरं होतं. भाड्याची जागा, मशीनचे हप्ते, भावजयीची माहेरून आलेली दागिन्यांची डबी केव्हाच रिकामी झालेली. शेवटी मी अटी घातल्या. चुंबक निघणार. दार बंद असेल तरच मशीन चालणार. चष्मा लागणार. पत्रा पूर्ण गार झाल्यावर, मशीन थांबल्यावर फर्मा लावायचा, आणि तो मी लावणार.

"उजेड तू बघणार," तो म्हणाला.

"हो."

"बरं."

मी त्याच्यासमोर ते चुंबक खरवडून काढलं आणि रस्त्यापलीकडच्या गटारात टाकून आले. त्याने अडवलं नाही. त्याने इतक्या मुकाट्याने सगळं मान्य करावं यात काहीतरी चुकतंय, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं असं आता लोक म्हणतात. लोकांना बोलायला काय जातं.

काम सुरू झालं. दार बंद, वरचा हिरवा दिवा लागलेला. वेळ जास्त लागत होता, पण पत्रे बसत होते. मी फर्मा लावायचे, दिवा धरायचे, आणि तो स्टुलावर बसून दुसरीकडे बघायचा. काळा थर जरा उडाला की मी पुन्हा फवारा मारायचे. भिंतीवरचा ओरखडा मी रंगवून टाकला. तो तिथे आहे हे मला माहीत होतं, तरी दिसत नव्हता एवढं बरं वाटायचं.

घरी आम्ही भावजयीला सांगितलं. ती ओरडली नाही की रडली नाही. रात्रीचं जेवण वाढताना तिने त्याचं पाण्याचं भांडं उजवीकडून उचलून डावीकडे ठेवलं. तो ते बघत राहिला आणि मग न जेवता उठला.

एकदा कंत्राटदार पत्रे न्यायला आला. धाकट्याने नेहमीप्रमाणे पुढे होऊन सांगितलं, "बघून घ्या, चोख आहेत."

कंत्राटदाराने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. "ताईंनी तपासलेत ना?"

"हो," मी म्हटलं.

"मग झालं," तो म्हणाला आणि माणसांना पत्रे उचलायला सांगितलं.

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मी धाकट्याकडे बघितलं. त्याचा चेहरा काळवंडला होता. टेम्पो गेल्यावर त्याने बाबांची एक हातोडी भिंतीवरून काढली, हातात तोलली आणि परत टांगली. "आता मी इथे नुसता बटण दाबणारा," तो म्हणाला. मी काहीतरी उलट बोलले, डोळा महत्त्वाचा की मान महत्त्वाचा वगैरे. तो म्हणाला, "तुझे दोन्ही आहेत ना. म्हणून बोलतेस." त्यानंतर त्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

मग शेवटचा पत्रा आला. सगळ्यात अवघड होता. छताच्या मधोमधचा, चारही बाजूंनी वर वळणारा, उथळ परातीसारखा. असला पत्रा किरण नुसता परत फेकत नाही, गोळा करून फेकतो. म्हणून त्याला मी काळ्याचे दोन हात जास्त मारले होते. सकाळपासून तो मशीनवर होता. दुपारपर्यंत निम्मा वळला. धाकटा त्या दिवशी बरा होता, गाणं गुणगुणत होता. भावजयीने दिलेला डबा त्याने पूर्ण खाल्ला. पॉलिशवाले काका जेवायला बाहेर गेले.

"ताई, तू बंदूक धुऊन घे जा," तो म्हणाला. फवाऱ्याची बंदूक लगेच धुतली नाही तर काळं आत सुकतं, ते खरं होतं. "आता शेवटचे फेरे राहिलेत. झालं की हाक मारतो. मग तू फर्मा लाव."

"दार?"

"दार बंद असेल. आईशप्पथ."

मी मागच्या शेडमध्ये गेले, डगला आणि टोपी अंगावर होतीच, वर मास्क चढवला आणि बंदूक धुवायला घेतली. धुण्याच्या द्रावाला उग्र वास असतो, डोकं चढतं. थोड्या वेळाने मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. मशीन गार ठेवणाऱ्या शीतयंत्राची घरघर, मग यांत्रिक हाताच्या मोटरची बारीक कुईं. मी मान लांब करून दारातून बघितलं. केबिनचं दार घट्ट बंद होतं. वर हिरवा दिवा. मला फार बरं वाटलं. शिकला पोरगा, असं मनात आलं. मी बंदुकीचं तोंड काढून कपड्याने पुसलं, भोकात तार घातली, पुन्हा पुसलं.

बंदूक घेऊन बाहेर आले तर स्टूल रिकामं होतं.

मला वाटलं बाहेर गेला असेल, तोंड धुवायला. पण चपला तिथेच होत्या. संरक्षक चष्मा खिळ्यावर होता. माझ्या टेबलावर आदल्या रात्री कापून ठेवलेला शेवटच्या पत्र्याचा फर्मा असायला हवा होता, तो नव्हता. त्याच्या शेजारचा हातदिवाही नव्हता. मशीन सुरू करायचा रिमोट नेहमी खुंटीला असतो. खुंटी रिकामी होती. रिमोटची जाड काळी वायर जमिनीवरून गेली होती आणि केबिनच्या दाराखालून आत शिरली होती.

दार बंद असेल तरच मशीन चालणार, असं मी म्हटलं होतं. त्याने दार बंदच ठेवलं होतं. आतून.

मी धावले. त्याला हाक मारली की नाही आठवत नाही. मास्कमधून मारली असेल तरी ती माझ्याच कानात राहिली असेल. दार ओढलं, त्याबरोबर हिरवा दिवा गेला आणि यांत्रिक हात जागच्या जागी थबकला. स्विचने आपलं काम चोख केलं.

तो पत्र्याच्या पलीकडे उभा होता. एका हातात फर्मा, दुसऱ्यात दिवा. उजवा डोळा मिटलेला होता, मग त्याने तो उघडला. पत्र्यावरचा काळा थर मधोमध पूर्ण जळून गेला होता आणि तिथे वाटीएवढा स्वच्छ पांढरा गोल चमकत होता. तो घाबरलेला दिसत नव्हता. जरा गोंधळलेला, झोपेतून उठवल्यासारखा. त्याने डोळ्यांची उघडझाप केली, मान थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे केली आणि माझ्या दिशेने बघितलं.

"कोण, काका का?" तो म्हणाला. "दार लावून घ्या जरा. पत्रा बसलाय, मी बघितलाय. उजेड कुठेच नाही."

मी दार सताड उघडं ठेवून आत शिरले.

"आणि काका," त्याने आवाज खाली आणला, "ताईला एवढ्यात काही सांगू नका. ती उगाच घाबरते."

मी मास्क ओढून काढला. टोपी काढली. पत्र्याला वळसा घालून त्याच्यापासून हातभर अंतरावर जाऊन उभी राहिले. केबिनचा मोठा दिवा थेट माझ्या तोंडावर होता. तो माझ्या चेहऱ्याकडेच बघत होता.

"ऐकताय ना?" तो म्हणाला.